कोम्बहर्स्टचा पाचवा पेला

३ मार्च, रविवार

हेझलने आज जेवताना, मी बटाट्यांचं भांडं पुढे ओढत असतानाच सांगून टाकलं. "मे महिन्यात आपण वाइन चाखायला जायचं. तू आणि लायनल जायचात तसंच. आखणी तू कर."

"आपण म्हणजे कोण?"

"तू, मी, आणि शेजारचे टिकनर नवराबायको. प्रूला मी विचारलं. ती तर कुठला झगा घालायचा तेही ठरवून बसलीय."

बारा वर्षांत हेझलने त्या सहलीचं नाव काढलं नव्हतं. लायनल तिचा नवरा आणि माझा चाळीस वर्षांचा मित्र. दर मे महिन्यात एक शनिवार आमच्या दोघांचा असायचा. ससेक्समधले तीन द्राक्षमळे. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी शेवटचा, आणि मग घर. तो प्यायचा. मी घोट तोंडात फिरवून पिकदाणीत थुंकायचो, कारण गाडी माझ्या हातात. शेवटच्या सहलीतून मी एकटा परत आलो. हरीण आडवं आलं. मृत्यूच्या चौकशीतही तेच लिहिलं गेलं. मी थेंबसुद्धा गिळला नव्हता हे मी शपथेवर सांगितलं, आणि पोलिसांच्या नळीत फुंकलो तो आकडाही कायद्याच्या बराच आत होता.

हे सगळं इथे लिहायची गरज नव्हती. वही नवी आहे म्हणून लिहिलं.

नाही म्हणणार होतो, "हो" म्हणालो. एकतीस वर्षं मी लोकांची गाडी चालवण्याची परीक्षा घेतली, हजारोंना तोंडावर नापास केलं, पण हेझलला नाही म्हणणं मला जमत नाही. लायनल गेल्यापासून दर रविवारी मी तिच्याकडे जेवतो. माझ्या आठवड्यात धरून ठेवण्यासारखं तेवढंच आहे.

निघताना तिने विचारलं, "गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं ना?"

"तुला काय करायचंय? तू कुठे गाडी चालवतेस?"

"सहज. शब्दकोड्यात होतं."


६ मार्च, बुधवार

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. आखणीत माझा हात कुणी धरणार नाही. साडेदहाला लार्क्सपिट, एक वाजता मिल्डन्स, तिथेच जेवण. तिसरा मळा समुद्राच्या बाजूचा घेतला. नवा आहे, फेसाळ वाइन बरी करतात म्हणे. कोम्बहर्स्ट घेतलं नाही. ते फार आडबाजूला आहे आणि रस्ता अरुंद आहे.

नंतर मोजलं तर समुद्राकडचा मळा चौदा मैल लांब निघाला. पेन्सिलने काढलेला रस्ता दुरून पाहिला. पिट लेनच्या भोवतीने त्याने एवढा मोठा वळसा घेतला होता की कुणीही विचारलं असतं, इथे काय आहे?

प्रू टिकनरचा फोन आला. "रोलंड, तिथे म्हणे थुंकायचं असतं? चारचौघांत? माझ्या आईने मला बडवलं असतं."

मी सांगितलं की थुंकायचं ते गाडी चालवणाऱ्याने, बाकीच्यांनी खुशाल गिळावं.

"म्हणजे तू बिचारा दिवसभर थुंकत बसणार आणि आम्ही मजा मारणार! संत आहेस रे तू, अगदी संत."

मी फोन ठेवला आणि नकाशाची घडी घातली.


१७ मार्च, रविवार

मटण, गाजरं, पुदिन्याची चटणी. जेवण झाल्यावर टाइप केलेला कागद हेझलपुढे ठेवला, वेळा आणि मैलांसकट. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि पालथा घातला.

"कोम्बहर्स्ट कुठाय?"

"रस्ता वाईट आहे."

"लायनलला सगळ्यात तेच आवडायचं."

"हेझल, तो रस्ता म्हणजे..."

"तो रस्ता कुठला आहे ते मला माहीत आहे, रोली. तिसरं कोम्बहर्स्टच. त्या दिवशी होतं त्याच क्रमाने. आणि परत यायचं तेही पिट लेननेच."

मला रोली म्हणणारी माणसं दोनच होती. आता एक आहे.

ती पुडिंग आणायला आत गेली, तेव्हा मी लायनलच्या वह्यांकडे पाहत बसलो. हिरव्या पुठ्ठ्याच्या, दर वर्षाची एक, पाठीवर साल. त्याला सगळं टिपून ठेवायची खोड होती. वाइनचा रंग, वास, मी काय बोललो, वाढणाऱ्या बाईच्या बुटांचा रंग काय होता, सगळं. शेवटच्या वर्षाची वही त्यांत नाही. ती अपघातात गेली असणार. मी कधी विचारलं नाही, ती काही विचारायची गोष्ट नव्हे. रांगेच्या टोकाला बोटभर फट आहे आणि बाकीच्या वह्या अजून तिकडे कलंडलेल्याही नाहीत.

आज तिने विचारलं की चढावर गाडी थांबवली तर आधी हँडब्रेक की आधी क्लच. हल्लीची शब्दकोडी विचित्र झाली आहेत.


२१ मार्च, गुरुवार

मागच्या सोमवारी तिन्ही ठिकाणी फोन करून चार जणांची जागा सांगितली होती. आज संगणकावर लार्क्सपिटचं पत्र आलं: पाच जण. मी फोन केला. मुलगी गोड बोलली, "चुकलं असेल सर, चार करते." तासाभराने मिल्डन्सचं आलं: पाच जण. दुपारी चहाच्या वेळी कोम्बहर्स्टचं: पाच जण.

वेड्यासारखं बोटांवर मोजून पाहिलं. हेझल, प्रू, तिचा नवरा ग्रॅहम, मी.

एका मळ्याची चूक मी समजू शकतो. तीन मळ्यांचे लोक एकमेकांना ओळखतही नसतील.

हेझलला सांगावं म्हणून फोन केला, पण गुरुवारी ती घरी नसते. जानेवारीपासून पोहायला जाते. या वयात बरं आहे. केस मात्र कधी ओले दिसले नाहीत.


२७ मार्च, बुधवार

सहलीआधी रस्ता एकदा स्वतः पाहून यायचा, ही जुनी सवय. एकटाच गेलो.

माझ्या गाडीत पुढे डावीकडे कुणी बसत नाही. तिथे माझी बॅग असते. हेझलला दाताच्या डॉक्टरकडे नेतो तेव्हाही ती मागे बसते. आज नकाशे हाताशी हवेत म्हणून बॅग मागे टाकली, आणि मिल्डन्स ओलांडल्यावर समोर लाल दिवा लागून टिंग टिंग सुरू झालं. डावीकडच्या माणसाने पट्टा लावलेला नाही, असा त्याचा अर्थ. गाडी बाजूला घेतली. नकाशे उचलले, सीट झटकली, दाबून पाहिली, काही नव्हतं. पुन्हा निघालो, पुन्हा टिंग टिंग. शेवटी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून लावला. आवाज थांबला.

गॅरेजवाला म्हणेल, आतली वायर गेली. मीही तेच म्हणतो.

पिट लेनमध्ये दोन्ही बाजूंना बीचची झाडं आहेत. उतार, मग डावं वळण. उजवीकडच्या कुंपणातून हरीण आलं होतं. मी एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो की जनावर आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, चाक वळवायचं नाही. मांजरासाठी चाक वळवलं म्हणून एका पाद्र्याला मी नापास केलं होतं. परीक्षेत किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ असतात. गंभीर चूक एकच पुरते.

मी चाक वळवलं होतं. डावीकडे.

झाड अजून आहे. सालीवरची जखम भरून तिथे जाड ओठ आला आहे. त्याच्या वीस पावलं अलीकडे गाडी थांबवली आणि बडीशेपेचा वास आला. लायनल शेवटचा मळा झाला की बडीशेपेची गोळी तोंडात टाकायचा आणि घर येईपर्यंत बोलत राहायचा. पण ही गाडी मी पाच वर्षांपूर्वी घेतली. लायनलने ही पाहिलेलीसुद्धा नाही.

सगळी गाडी उपसली. मागच्या सीटखाली एक लालसर गोळी सापडली, तिला धूळ चिकटलेली. कुंपणात फेकून दिली. मग काय वाटलं कोण जाणे, खाली उतरून अर्धा तास गवतात ती शोधत राहिलो. मिळाली नाही.


३१ मार्च, ईस्टर

उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे गेली. हेझल बहिणीकडे गेली आहे, म्हणून रविवार मोकळा आणि घर सुनं. तर लिहून टाकतो.

त्या दिवशी कोम्बहर्स्टचा म्हातारा मालक, फेनर, खूश होता. सहा वाइन झाल्या, सहाही मी नेमाने थुंकल्या. मग तो आत गेला आणि धुळीने माखलेली एक बाटली छातीशी धरून घेऊन आला. त्याच्या मळ्याच्या पहिल्या वर्षाची. बायको असताना दोघांनी हाताने वेली लावल्या होत्या, त्यांची. अशा थोड्याच उरल्या होत्या. त्याने माझा पेला भरला आणि माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा राहून माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

पिकदाणी माझ्या कोपराशी होती. ती वाइन तिच्यात टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं झालं असतं.

मी गिळली. "वा," म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. त्याने पुन्हा भरला. तोही गिळला.

लायनल माझ्याकडे बघत होता. मग मान खाली घालून वहीत लिहायला लागला.

पोलीस पोचायला दोन तास लागले. त्या नळीत काय उरणार होतं? दोन पेल्यांनी माणूस झिंगत नाही, हे मला ठाऊक आहे. पाऊण सेकंदाचा फरक मात्र पडू शकतो, हेही मला ठाऊक आहे, कारण तो तक्ता मीच पोरांना पाठ करायला लावायचो. मी कोरडा असतो तर चाक वळवलं असतं का? बारा वर्षं मी हा एकच प्रश्न घेऊन झोपतो आणि उठतो. आणि शपथेवर सांगितलं, थेंबही नाही. तेव्हा हेझल समोरच्या बाकावर बसली होती, हातमोजे मांडीवर ठेवून.

तिला सांगायला हवं. त्या रस्त्यावर तिला नेण्याआधी सांगायलाच हवं. सांगितलं की रविवार संपले.


१४ एप्रिल, रविवार

ठरवून गेलो. वाटेत वाक्यंही म्हणून पाहिली. सफरचंदाचं पुडिंग येईपर्यंत बोलायचं, असं स्वतःला बजावलं होतं.

पुडिंग आलं. हेझलने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "रोली, तुला काही बोलायचंय का माझ्याशी?"

मी म्हणालो, "कस्टर्ड आहे का अजून थोडं?"

ती उठली. स्वयंपाकघरात बराच वेळ होती. कस्टर्ड तर टेबलावरच होतं, माझ्या डाव्या हाताशी. ते मला नंतर दिसलं. परत आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं आणि तिने कस्टर्डचा विषयही काढला नाही. गुणाची बाई आहे, मला ओशाळं होऊ दिलं नाही.


२५ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस कडाक्याच्या थंडीने दंव गोठलं. कोम्बहर्स्टहून फोन आला. म्हातारा फेनर दोन वर्षांपूर्वी गेला, आता मुलगी बघते, ब्रायनी नाव. वेलींच्या रांगांमधून मेणाच्या बादल्या पेटवून ठेवल्या होत्या, तरी खालच्या उतारावरचे सगळे कोंब काळे पडले म्हणाली.

मी लगेच म्हटलं, "मग आमचं राहू दे. तुम्हाला कशाला त्रास?" माझ्या आवाजातला आनंद मलाच ऐकू आला.

"छे, या ना. बाटल्यांना कुठे दंव लागतं? पाच पेले काढून ठेवते."

"चार."

"पाच हो. तुमच्याबरोबरच्या एकहर्स्टबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं. पाचवा भरायचा पण कुणी प्यायचा नाही. लार्क्सपिट, मिल्डन्सलाही सांगितलंय म्हणाल्या."

म्हणजे हेझल. मी इतका हलका झालो की खुर्चीत बसलो. भूत नाही, हिशेबातली चूक नाही, नवऱ्याची आठवण. एवढं साधं.

"तुमची ओळख दिसते त्यांच्याशी," मी म्हटलं.

"वा, दर वर्षी बसने येतात. बाबा होते तेव्हा त्यांच्याशी तासन्‌तास बोलत बसायच्या. त्या शेवटच्या दिवसाबद्दलच सगळं. काय काय ओतलं, कुणाला किती, सगळं विचारायच्या. बाबा पुन्हा पुन्हा सांगायचे."

बिचारी. माणूस गेल्यावर त्याचा शेवटचा घाससुद्धा माहीत करून घ्यावासा वाटतो. मला तिची फार दया आली, आणि माझी लाज वाटली.

पट्ट्याचा आवाज मात्र अजून येतो. गॅरेजवाल्याने वायर बदलली. काल बाजारात जाताना पुन्हा टिंग टिंग. आता मी निघण्याआधीच डावीकडचा पट्टा लावून टाकतो.


१७ मे, शुक्रवार

उद्या. तोंडाने जमणार नाही म्हणून चार ओळींची चिठ्ठी लिहून कोटाच्या खिशात ठेवली आहे. घरी परतल्यावर तिच्या दाराच्या फटीतून आत सरकवेन. मग काय होईल ते होवो.

वाचून पाहिली. चार ओळींत दोनदा "क्षमस्व" आणि एकदा "गैरसोय" आलं आहे.


१९ मे, रविवार

सकाळ. कालचं लिहून काढतो, कारण आज दुपारी मला कुठे जायचं नाही.

निघतानाच गोंधळ. प्रू आणि ग्रॅहम मागे बसले, मी हेझलसाठी मागचंच दार धरून उभा राहिलो. तिने माझी बॅग उचलून प्रूच्या मांडीवर दिली आणि पुढे डावीकडे बसली. पट्टा आधीच लावलेला होता, तो तिने सोडवला, काही न विचारता, आणि स्वतःला लावून घेतला. मला वाटलं होतं मी गाडी सुरूच करू शकणार नाही. केली.

लार्क्सपिटला पाच पेले. मिल्डन्सला पाच पेले. पाचवा भरून टेबलाच्या टोकाला ठेवायचे, त्याच्यापुढे खुर्ची. ग्रॅहम त्या खुर्चीला दरवेळी "माफ करा" म्हणून वळसा घालून जायचा.

जेवताना प्रूचे गाल लाल झाले होते. "अगं हेझल, तू का थुंकतेयस सकाळपासून? गाडीला रोलंड आहे ना!"

"माझं पोट नाजूक आहे," हेझल म्हणाली आणि ओठ टिपले.

चारच्या सुमारास कोम्बहर्स्ट. खालच्या उतारावर काळे कोंब तसेच होते. कोठारात तेच लांब टेबल, कोपऱ्यात तीच तांब्याची पिकदाणी. ब्रायनीने सहा वाइन ओतल्या. सहाही मी थुंकल्या. हेझलनेही थुंकल्या. मग ब्रायनी म्हणाली, "बाबांनी बाईंना दिलेला शब्द आहे," आणि आतून धुळीने माखलेली बाटली घेऊन आली.

"शेवटची. ही तुमच्यासाठी राखलेली," ती म्हणाली. पाच पेले भरले. मग वडील उभे राहायचे तशीच माझ्यासमोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघू लागली. वडिलांचेच डोळे.

मी घोट घेतला. तीच चव. हेझल माझ्याकडे बघत नव्हती. ती रिकाम्या खुर्चीपुढच्या पेल्याकडे बघत होती. घोट तोंडात गरम झाला. गिळता येईना आणि थुंकता येईना, डोळ्यांतून पाणी आलं. मग मी पिकदाणी ओढली आणि थुंकलो. थुंकल्याचा आवाज सगळ्या कोठारात घुमला. ब्रायनीचा चेहरा पडला.

"हे मी त्या दिवशी करायला हवं होतं," मी म्हणालो. चिठ्ठी खिशातच राहिली. "हेझल, त्या दिवशी मी ही गिळली होती. दोन पेले. मग गाडी चालवली. न्यायालयात खोटं बोललो."

ग्रॅहम स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. प्रूला मी चोवीस वर्षं ओळखतो, ती पहिल्यांदाच गप्प होती.

"ठाऊक आहे," हेझल म्हणाली.

तिने पिशवीतून हिरवी वही काढली, शेवटच्या वर्षाची, आणि खूण घातलेलं पान उघडून माझ्यापुढे सरकवली. लायनलचं बारीक अक्षर. "सातवी, पहिल्या वर्षाची. मध, मागे सफरचंदाची साल. रो.ने थुंकली नाही. पुन्हा भरली, तीही नाही. किल्ली मागावी का? त्याला अपमान वाटेल. घर अर्ध्या तासावर तर आहे." पुढची पानं कोरी.

"ही तुझ्याकडे कधीपासून?"

"त्याच्या कोटाबरोबर दवाखान्यातून आली. त्याला पुरायच्या आधीच वाचली मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पहिल्या रविवारी वाटलं, आज बोलेल. म्हणून जेवायला बोलावलं. दुसऱ्या रविवारी वाटलं, आज. विचारलं तर तुला वाईट वाटेल म्हणून विचारलंही नाही. काय माणसं आहोत आपण, रोली! त्या म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तू प्यायलास, तुला वाईट वाटू नये म्हणून लायनल गप्प बसला, आणि मी बारा वर्षं बटाटे भाजले."

"मला माफ..."

"त्या दोन पेल्यांचं कधीच माफ केलं रे. हरीण तर खरंच होतं ना? मला राग आहे तो रविवारांचा. एकेका रविवारचा."

तिने हात पुढे केला.

"किल्ली."

"तुला कुठे येते..."

"गुरुवारी मी पोहायला जात नव्हते. गेल्या आठवड्यात पास झाले. सात किरकोळ चुका, गंभीर एकही नाही. आणि तू विचारायच्या आधी सांगते, आजच्या दिवसाचा विमा काढलाय."

"अगंबाई," प्रू पुटपुटली. तेवढंच.

मी डावीकडे बसलो. एकतीस वर्षं परीक्षा घेताना मी गाडीत डावीकडेच बसायचो, पण त्या दिवसानंतर कधी बसलो नव्हतो. हेझलने आरसे पाहिले, गाडी सुरू केली आणि टिंग टिंग वाजायला लागलं. मला समजेना काय वाजतंय.

"पट्टा लाव," ती म्हणाली.

लावला. आवाज थांबला.

पिट लेनच्या उताराला तिने गिअर खाली घेतला. वेग वीसच्या खाली. वळणाआधी आरसा, मग रस्ता. हरीण नव्हतं. झाड माझ्या बाजूच्या काचेतून हळूहळू गेलं, इतकं जवळून की सालीवरचा तो ओठ मला हाताने चाचपता आला असता. लायनलला ते याच काचेतून दिसलं असणार. सवयीने मी चुका मोजत होतो. एकही सापडली नाही.

वळण संपल्यावर तिने एका हाताने कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे धरली. बडीशेपेच्या गोळ्या. एक हात चाकावरून काढणं ही किरकोळ चूक आहे. मी बोललो नाही. एक गोळी घेतली.

माझ्या दाराशी तिने किल्ली परत दिली. "उद्या येऊ नकोस, रोली." मग, "पुढचं मी कळवीन."


२ जून, रविवार

मागच्या रविवारी दुपारी उभ्यानेच पाव खाल्ला. एक बटाटा भाजायचा म्हटलं तर ओव्हन लावावासा वाटत नाही. प्रूकडून कळलं की हेझलने जुनी छोटी गाडी घेतली आहे, निळी.

आज सकाळी फोन. "बटाटे सोललेत. एक वाजता घ्यायला येते."

"मी येतो ना माझ्या गाडीने."

"नको. आणि मागचं दार उघडायला जाऊ नकोस. पुढे बसायचं. सगळं पहिल्यापासून सांगायचंस, त्या दिवशी सकाळी निघाल्यापासून. कस्टर्ड आज टेबलावर ठेवत नाही."

पाऊण वाजल्यापासून कोट घालून खिडकीशी बसलो आहे. निळी गाडी आत्ता फाटकाशी लागली. डावीकडची सीट रिकामी आहे. हेझल भोंगा वाजवत नाही, नुसती बसून आहे. वाट बघायची तिला सवय आहे. वही ठेवतो.